सगळे आकडे मर्यादेत, तरी मासे मेले: एका आउटलेटची तपासणी

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचं आहे. औषधं तयार करायला लागणारी मधली रसायनं तिथे बनतात. सांडपाणी कारखान्याच्या स्वतःच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, शुद्ध होतं, मग नाल्यात आणि नाल्यातून ठाणे खाडीत जातं. कारखान्याचं नाव मी देणार नाही, कारण जे इथे घडलं ते जैविक प्रक्रिया असलेल्या कुठल्याही ईटीपीत घडू शकतं. या पाण्यात मासे जगतात का, हे तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं. ते जगले नाहीत. का जगले नाहीत, याचा शोध घेताना जे हाती लागलं ते सविस्तर मांडते.

सॅम्पलसोबत आलेला रासायनिक अहवाल नीटनेटका होता. पीएच ७.२. बीओडी (सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, सीओडी (असे पदार्थ रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० च्या बराच आत, तरंगते घन पदार्थ १०० च्या आत. तेल-ग्रीस, फिनॉल, क्रोमियम, तांबं, जस्त या सगळ्यांपुढे ‘मर्यादेत’ असा शेरा. अमोनियाकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातलं नायट्रोजन, ३० च्या आसपास होतं आणि त्याची मर्यादा ५० आहे, त्यामुळे तिकडेही कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. फक्त जैवचाचणीची, म्हणजे माशांवरच्या चाचणीची, ओळ रिकामी होती, आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणासाठी ती भरायची होती.

ही ओळ पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत आहे. १९९३ साली अधिसूचित झालेल्या या तक्त्यात ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिचा मजकूर एवढाच: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. १०० टक्के म्हणजे पाणी न मिसळलेलं, आउटलेटमधून निघालं तसं. तक्त्यातल्या बाकीच्या ओळी एकेका पदार्थाचं प्रमाण विचारतात. ज्या पदार्थाची ओळच नाही त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत, आणि दोन-तीन पदार्थ एकत्र आल्यावर काय होतं हेही त्यांना कळत नाही. माशाच्या कल्ल्यांना मात्र सगळं एकदमच भेटतं. म्हणून मी ही ओळ तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची मानते, आणि ती शेवटी, उरकून टाकायची म्हणून भरली जाते याचं मला वाईट वाटतं.

चाचणी भारतीय मानक आयएस ६५८२ नुसार, झेब्राफिशवर केली. हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा क्रॉफर्ड मार्केटमधल्या मत्स्यालयाच्या दुकानांतही मिळतो. पण दुकानातून आणला आणि टाकीत सोडला, असं चालत नाही. मासे आधी प्रयोगशाळेच्या पाण्यात रुळवावे लागतात, त्या काळात मरतुक झाली तर तो गट बाद करावा लागतो, आणि चाचणीआधी एक दिवस खाणं बंद ठेवावं लागतं. मुंबईच्या नळाचं पाणी धरणांचं, तुलनेने मृदू असतं, पण त्यात क्लोरीन असतो. तो हवा सोडून पूर्ण घालवल्याशिवाय ते पाणी ना कंट्रोल टाकीला (जिच्यात सांडपाणी नसतं, जी फक्त तुलनेसाठी असते) चालतं ना सौम्य द्रावणं करायला. मासे नेहमीइतकेच संवेदनशील आहेत ना, हे पाहायला पोटॅशियम डायक्रोमेट या ओळखीच्या विषाची वेगळी चाचणी घेतली जाते. हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईल.

प्रत्येक टाकीत १० मासे. एक टाकी कंट्रोलची, बाकीच्यांत १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के सांडपाणी. कायद्याला फक्त १०० टक्क्यांची टाकी पुरते, पण खालच्या टाक्या लावल्या नाहीत तर पाणी किती विषारी आहे हे कधीच कळत नाही, फक्त पास की नापास एवढंच कळतं.

पहिले काही तास सगळ्या टाक्या सारख्याच दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी १०० टक्क्यांच्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. मग अचानक सुसाट धाव, गोल गोल फिरणं, एका कुशीवर कलणं. ९६ तास संपले तेव्हा त्या टाकीत एकही मासा जिवंत नव्हता. ५० टक्क्यांत काही गेले होते. २५ टक्क्यांत आणि त्याखाली सगळे जिवंत होते आणि कंट्रोलमध्येही एकाही माशाला काही झालं नव्हतं.

निकाल कळवल्यावर कारखान्याच्या पर्यावरण विभागाचे साहेब फोनवर म्हणाले, “मॅडम, सगळे पॅरामीटर ओके आहेत. मासे तुमच्या टाकीत मेलेत, आमच्या नाल्यात नाही.” त्यांचा पहिला संशय माशांवर होता: कमजोर असतील, आजारी असतील. कंट्रोलची टाकी आणि डायक्रोमेटची चाचणी नेमक्या याच प्रश्नासाठी असतात, आणि दोन्हींनी मासे ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. दुसरा संशय ऑक्सिजनवर होता. तोही रास्त, कारण सांडपाण्यात उरलेले सेंद्रिय पदार्थ चार दिवसांत ऑक्सिजन खातात आणि मासे विषाने न मरता गुदमरून मरू शकतात. म्हणून टाक्यांत हळूहळू हवा सोडलेली होती आणि विरघळलेला ऑक्सिजन पूर्ण चाचणीभर ६० टक्के संपृक्ततेच्या वर होता. मासे गुदमरले नव्हते, हे नक्की होतं.

नोंदवहीतला पीएच

मला खटकलं ते मरण्याचं वेळापत्रक. पाण्यात क्लोरीन उरलेला असता तर मासे पहिल्या काही तासांत गेले असते, कारण क्लोरीन लवकर मारतो आणि नंतर स्वतःच उडून जातो. इथे उलट होतं. पाणी सुरुवातीला सोसण्यासारखं होतं आणि नंतर घातक झालं. म्हणजे टाकीत उभ्या उभ्या काहीतरी बदलत होतं.

रोजच्या नोंदीत ते दिसत होतं. १०० टक्क्यांच्या टाकीचा पीएच सुरुवातीला ७.२ होता. एका दिवसात तो ८ पार गेला आणि पुढे ८.४ च्या आसपास स्थिरावला. यात गूढ काही नाही. ईटीपीच्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत, जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा पाण्यात विरघळून राहतो. त्याने पीएच खाली दाबून धरलेला असतो. टाकीत हवा सोडली की हा वायू निघून जातो आणि पीएच वर चढतो.

पीएच ७.२ असो की ८.४, माशाला त्याचा थेट त्रास नाही. कायद्यालाही नाही, तिथे ५.५ ते ९ चालतो. पण पाण्यात अमोनिया असेल तर या चढण्याचा अर्थ पूर्ण बदलतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, भारित, जो कल्ल्यांच्या पडद्यातून सहज आत जात नाही. दुसरा मुक्त अमोनिया, भाररहित, जो सरळ आत जातो. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७.२ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम ०.९ टक्के भाग मुक्त असतो. पीएच ८.४ झाला की तोच भाग १२.५ टक्के होतो. पाण्यात काहीही न घालता विषारी भाग सुमारे १४ पट होतो.

आता आकडा मांडून पाहू. एकूण अमोनियाकल नायट्रोजन ३० मिलिग्रॅम धरलं तर पीएच ७.२ ला मुक्त अमोनिया ०.२७ मिलिग्रॅम, नायट्रोजन म्हणून मोजलेला. पीएच ८.४ ला तो ३.७ च्या पुढे जातो. ट्राउटसारख्या नाजूक माशांना एक मिलिग्रॅमच्या आतबाहेरच तो मारतो. चिवट मासे काही मिलिग्रॅमपर्यंत तग धरतात, पण ३.७ ही पातळी बहुतेकांसाठी घातक आहे. मासा स्वतःच्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेरच्या पाण्यात सोडत असतो. बाहेरच अमोनिया जास्त झाला तर तो निघत नाही, रक्तात साठतो, मेंदूपर्यंत पोचतो. ती सुसाट धाव आणि ते गोल फिरणं, ही त्याचीच लक्षणं.

संशय आणि पुरावा

इथवर हा फक्त अंदाज होता. लक्षणं जुळली आणि आकडेमोड जुळली म्हणून अहवालात ‘कारण: अमोनिया’ लिहिणं मला मान्य नव्हतं. अशा वेळी उपयोगी पडते ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० च्या सुमारास पक्की केलेली पद्धत. सांडपाण्याचे भाग करायचे, प्रत्येकातून एकेक संशयित काढून टाकायचा, आणि कुठल्या भागात मासे वाचतात ते पाहायचं. आपल्याकडे ती फार कमी ठिकाणी वापरली जाते. जैवचाचणी नापास झाली की बहुतेकदा दुसरं सॅम्पल मागवतात आणि ते पास होईपर्यंत वाट पाहतात. मासे मारून हाती फक्त शेरा घ्यायचा आणि कारण शोधायचंच नाही, हे मला पटत नाही. मेलेल्या माशांकडून निदान माहिती तरी पूर्ण घ्यावी.

एका भागात सोडियम थायोसल्फेट घातलं. ते क्लोरीन निष्प्रभ करतं. मासे मेले. दुसऱ्यात ईडीटीए घातलं, ते तांबं-जस्तासारखे धातू बांधून ठेवतं. तिथेही मेले. तिसरा भाग सक्रिय कोळशातून गाळला, म्हणजे उरलीसुरली सेंद्रिय रसायनं निघावीत. मरण थोडं लांबलं, थांबलं नाही. (हे ‘थोडं लांबलं’ मी अहवालात वेगळं नोंदवलं. कोळशाने काहीतरी काढलं होतं, आणि ते मुख्य कारण नसलं तरी शून्यही नव्हतं.) चौथा भाग झिओलाइटच्या खड्यांमधून सोडला, जे अमोनियम आयन धरून ठेवतात. इथे सगळे मासे जगले.

झिओलाइट काही धातूही धरतं, त्यामुळे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पण ईडीटीएने फरक पडला नव्हता, म्हणून धातूंचा संशय आधीच कमी झाला होता. तरी आणखी दोन टाक्या लावल्या. एकीत मूळ सांडपाणीच, पण हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून पीएच ७.२ जवळ धरून ठेवलेला. अमोनिया पूर्ण तेवढाच, फक्त त्याचं रूप बदललेलं. मासे जगले. दुसरीत झिओलाइटमधून आलेलं, म्हणजे निर्धोक ठरलेलं पाणी घेतलं, त्यात अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया मूळ पातळीवर आणला आणि हवा सोडून पीएच चढू दिला. मासे मेले, तशाच लक्षणांनी. आता अहवालात कारण लिहायला हरकत नव्हती.

कार्बन डायऑक्साइडच्या टाकीने साहेबांच्या हाती मात्र एक मुद्दा दिला. “म्हणजे पीएच तुमच्या पंपाने वाढवला. आमचं पाणी ७.२ चंच आहे.” हा वाद तज्ज्ञांमध्येही आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाचणीच्या टाकीत पीएच चढणं हा चाचणीचा दोष मानून तो धरून ठेवावा, असं म्हणणारे आहेत, आणि काही नदीपात्रांसाठी ते योग्यही ठरेल.

इथे ते योग्य नाही, कारण हे पाणी ठाणे खाडीत जातं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. नाल्यातून वाहताना कार्बन डायऑक्साइड तसाही उडून जातो, आणि खारं पाणी मिसळलं की पीएच समुद्राकडे झुकतो. टाकीत जे चार दिवसांत झालं ते बाहेर नाल्यात आणि नाल्याच्या मुखाशी होणारच आहे. ‘खाडीत गेल्यावर पातळ होतंच की’ हे उत्तर भरतीच्या वेळी थोडंफार खरं आहे. ओहोटीला नाल्याच्या मुखाशी चिखल उघडा पडतो आणि त्यावरून वाहतं ते जवळजवळ निव्वळ नाल्याचं पाणी. त्या चिखलात निवट्या असतात, चिंबोऱ्या असतात, बोयची पिल्लं उथळ पाण्यात असतात. त्यांना मिसळण्याची वाट पाहता येत नाही. शिवाय खाडीचा वरचा भाग अरुंद आणि उथळ आहे. ओहोटीने खाली गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत वर येतं. याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिच्यावर पोट असलेल्या कोळीवाड्यांना मासळी कमी झाल्याचं सांगायला कुठल्याच दर्जाची गरज लागली नव्हती.

कायद्याच्या तक्त्याकडेही इथे पुन्हा पाहायला हवं. एकूण अमोनियाकल नायट्रोजन ५० पर्यंत चालतं आणि मुक्त अमोनिया, अमोनिया म्हणून मोजलेला, ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. वरचा ३.७ चा आकडा तशा मोजमापात साधारण साडेचार होतो, म्हणजे मासे मारणारं पाणीही या ओळीत पासच आहे. उलट ज्या पाण्यात मासे वाढावेत असं अपेक्षित आहे त्या ‘ड’ वर्गाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुक्त अमोनियाची मर्यादा नायट्रोजन म्हणून १.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. सोडण्याच्या पाण्याची मर्यादा सैल असते कारण पुढे ते पातळ होईल असं गृहीत धरलेलं असतं, हे मला समजतं. पण त्याच तक्त्यातली माशांची ओळ पातळ न केलेल्या पाण्यात मासे जगवायला सांगते. अमोनियाची पूर्ण सवलत घेणारं पाणी पीएच ८ ला माशांच्या ओळीत टिकणं कठीण आहे. दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि कारखाने साहजिकच सोपी ओळ धरतात.

अमोनिया आला कुठून

ईटीपी पाहायला गेले तेव्हा एक गोष्ट अनपेक्षित निघाली. ईटीपीत येणाऱ्या कच्च्या पाण्यात अमोनिया कमी होता आणि शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात जास्त. साहेबांना हा मोजणीतला गोंधळ वाटला. ते तसं नव्हतं. कारखान्यात नायट्रोजन असलेली सेंद्रिय रसायनं, अमाइन वगैरे, वापरली जातात. एरेशन टँकमधले जिवाणू त्यातलं कार्बन खातात, त्यामुळे बीओडी आणि सीओडी छान उतरतात. त्यातलं नायट्रोजन मात्र अमोनिया होऊन पाण्यात सुटतं. ईटीपी जितकी चांगली चालली तितका अमोनिया वाढला.

हा अमोनिया पुढे नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू वेगळे असतात. ते फार सावकाश वाढतात. त्यांना टाकीत पुरेसे दिवस राहू द्यावं लागतं, भरपूर ऑक्सिजन लागतो आणि क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, लागते. एक ग्रॅम अमोनियाकल नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन आणि सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च होते.

यातली नेमकी अडचण प्लांट चालवणाऱ्या काकांनी सांगितली. भांडुपच्या बाजूचे, तिथे खूप वर्षं असलेले. टाकीत साठणाऱ्या जिवाणूंच्या गाळाबद्दल, म्हणजे स्लजबद्दल, त्यांना मी विचारलं, “काका, स्लज किती दिवसांनी काढता?” ते म्हणाले, “रोज काढतो मॅडम. ठेवला तर वर तरंगतो, मग आउटलेट गढूळ होतं आणि साहेब ओरडतात. हल्ली रात्री ब्लोअर पण एकच चालवायला सांगितलाय.” सगळं उत्तर एवढ्यातच होतं. तरंगत्या घन पदार्थांचा आकडा सांभाळायला स्लज रोज बाहेर जात होता, आणि त्याच्यासोबत सावकाश वाढणारे हे जिवाणूही. जे उरत ते रात्री विजेच्या बचतीसाठी कमी केलेल्या हवेत निकामी होत. तक्त्यातली एक ओळ राखताना दुसरी ओळ हातची गेली होती.

उपाय फार महागडा नव्हता. रासायनिक विभागातला जास्त नायट्रोजनवाला प्रवाह आधीच वेगळा करून तो हप्त्याहप्त्याने सोडायला सांगितला, म्हणजे टाकीवर एकदम भार येऊ नये. स्लज काढणं कमी केलं, आणि तो तरंगतो म्हणून क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवण्याच्या टाकीतून) परत फिरवण्याचा वेग वाढवला. दोन्ही ब्लोअर रात्रीही चालू. क्षारतेसाठी सोडा अ‍ॅश. या जिवाणूंना जम बसवायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात आकडे वर-खाली होत राहिले. साहेबांचा धीर सुटत होता. त्यांच्यावर विजेच्या बिलाचं दडपण होतं, ते खोटं नव्हतं. पण अमोनिया उतरायला लागला तो खाली गेला आणि खालीच राहिला. त्यानंतरच्या जैवचाचणीत, पीएच चढू देऊनही, १०० टक्क्यांच्या टाकीतले मासे ९६ तास टिकले.

कोळशाने मरण थोडं लांबवलं होतं, तो धागा अजून सुटलेला नाही. ९६ तास जगणं म्हणजे वाढणं, अंडी घालणं, पिल्लं होणं नव्हे, आणि जी सेंद्रिय रसायनं कोळशात अडकली ती हळूहळू काय करतात हे या चाचणीला दिसत नाही. त्यासाठी माशांच्या गर्भांवरची चाचणी, डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जिवावरची ४८ तासांची आणि शैवालावरची ७२ तासांची चाचणी, अशा वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या जिवांची मालिका लागते. दुसरा प्रश्न माशाचा. झेब्राफिश गोड्या पाण्यातला आहे आणि हे पाणी शेवटी खाऱ्या खाडीत जातं. बोय किंवा काळुंदरसारख्या खाडीत वाढणाऱ्या माशाची पिल्लं, खारेपणा जुळवून घेऊन, चाचणीत वापरायला हवीत, असं माझं मत आहे.

अहवालात मी तीन सूचना दिल्या. जैवचाचणीचा निकाल लिहिताना ०, २४, ४८, ७२ आणि ९६ तासांचा पीएच, तापमान आणि एकूण अमोनिया त्याच पानावर नोंदवावा, कारण त्याविना ‘१० पैकी किती जगले’ या आकड्यातून काहीच शोधता येत नाही. सॅम्पल सकाळच्या पाळीतच न घेता रात्रीच्या पाळीतलंही घ्यावं. आणि अमोनियासाठी कारखान्याने ५० ची मर्यादा न धरता, आपल्याच पाण्याच्या चढलेल्या पीएचला मासे जगतील असा आकडा स्वतःसाठी ठरवावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर अजून बोलणं चालू आहे.